मुक्या जिवांचे पंचांग

मृग नक्षत्र लागण्याआधी खेड्यात कामांची एकच घाई असते. बियाणे आणायचे, छप्पर शाकारायचे, जळण आडोशाला रचायचे. या घाईतच एक दिवस गुरांच्या दवाखान्यातला माणूस लसीची पेटी घेऊन येतो आणि गावातल्या गाई, म्हशी, बैल ओळीने उभे केले जातात. घटसर्प आणि फऱ्या या रोगांची टोचणी पावसाच्या आधीच व्हायला हवी, हे तिथल्या अक्षरशत्रू म्हातारीलाही ठाऊक असते. पावसाळ्यात घटसर्प आला की धडधाकट जनावर दिवसा-दोन दिवसांत दावणीला आडवे होते. मग धावपळ करून उपयोग नसतो. हे ज्ञान तिला पुस्तकाने दिलेले नसते, गोठ्याने दिलेले असते.

बँकेच्या नोकरीतली माझी काही वर्षे ग्रामीण शाखेत गेली. दुभत्या जनावरासाठी कर्ज द्यायचे तर जनावराचा विमा हवा, विम्यासाठी पशुवैद्याचा दाखला हवा आणि जनावराच्या कानात नंबरचा बिल्ला हवा. जनावर दगावले तर तो बिल्ला हजर करावा लागे. बिल्ला नाही, तर भरपाई नाही. त्या फायली चाळताना एक गोष्ट मनात पक्की बसली. जनावराच्या आरोग्यात मायेइतकेच तारखांना महत्त्व असते. माया करणारे पुष्कळ भेटतात, तारखा पाळणारे थोडे.

खेड्यातून शहरात आलेल्या आपल्या पिढीने पुष्कळ गोष्टी बरोबर आणल्या. हे पंचांग मात्र गावीच राहिले. आज पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत 'ब्रूनो' असतो, 'मनी' असते. त्यांच्यासाठी मऊ गादी असते, वाढदिवसाला फुगे असतात. पण भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचे खाडे, गॅसचा नंबर आणि संकष्टी यांच्या शेजारी ब्रूनोच्या लसीची तारीख क्वचितच दिसते.

आमच्या भागात प्राण्यांच्या डॉक्टरांचा एक छोटा दवाखाना आहे. दाराबाहेर एक काळा फळा टांगलेला असतो आणि ऋतू बदलला की त्यावरचा मजकूर बदलतो. डॉक्टर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. हे महाविद्यालय १८८६ साली सुरू झालेले. 'आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या आजारांची तारीख मला आधीच माहीत असते,' असे ते म्हणतात. 'फक्त पेशंट कोण, एवढेच ठाऊक नसते.' त्यांच्याकडून वेळोवेळी ऐकलेले आणि त्या फळ्यावर वाचलेले येथे ऋतुवार मांडतो आहे.

उन्हाळा : धापांचा हिशेब

आपल्याला अंगभर घाम येतो, म्हणून उन्हाळा सोसतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांपुरताच. बाकी सारी उष्णता त्याला जीभ बाहेर काढून, धापा टाकून बाहेर टाकावी लागते. त्याच्या अंगाचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. म्हणजे आपल्याला जो ताप वाटेल, ती त्याची निरोगी अवस्था. ते १०६ च्या घरात गेले की जिवावर बेतते.

चपट्या नाकाच्या पगसारख्या कुत्र्यांचे हाल अधिक होतात. मोबाइल कंपनीच्या एका जाहिरातीमुळे २००३ नंतर हा कुत्रा आपल्याकडे घरोघरी हवाहवासा झाला. पण त्याची श्वासाची वाटच अरुंद, धापा टाकायला जागा कमी. एप्रिल-मेमध्ये त्याला सकाळी सातच्या आत आणि रात्रीच फिरवावे. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची पाठ पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल, तर त्या रस्त्यावर त्याला चालवू नये. आपल्या पायांत चप्पल असते, त्याच्या नसते.

'पाच मिनिटांत येतो' म्हणून कुत्र्याला गाडीत ठेवून दुकानात शिरणारे लोक दिसतात. बाहेर ३० अंश सेल्सिअस असले तरी बंद गाडीत अर्ध्या तासात पारा आणखी पंधरा-वीस अंश चढतो. काच दोन बोटे उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्रा लडखडू लागला, लाळ गळू लागली, हिरड्या लालभडक झाल्या, तर आधी त्याला सावलीत आणून साध्या गार पाण्याने अंग भिजवावे, पंखा लावावा आणि मग दवाखाना गाठावा. बर्फात बुडवू नये. शुद्धीवर असेल तर पाणी समोर ठेवावे, तोंडात ओतू नये.

आणखी एक. केसाळ जातीच्या कुत्र्याचे केस उन्हाळ्यात तुळतुळीत काढण्याची टूम निघाली आहे. दुहेरी केसांच्या जातींमध्ये हे आवरण उन्हालाही अडवते. ते विंचरून मोकळे करावे, भादरू नये.

पावसाळा : गोचीड, उंदीर आणि चिखल

खरी गर्दी होते ती पावसाळ्यात. उबदार दमट हवा गोचिडांना मानवते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते आणि भिंतीच्या फटीत, पलंगामागे, कुंडीखाली हजारोंनी अंडी घालते. म्हणूनच कुत्र्याच्या अंगावरची गोचीड वेचून काम संपत नाही. घराच्या फटीही साफ कराव्या लागतात.

आमच्या शेजारच्या इमारतीतली एक हकिगत सांगण्यासारखी आहे. मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि त्याचा लॅब्रेडॉर आईवडिलांपाशी राहिला. अशी घरे आता पुण्यात गल्लोगल्ली आहेत. मुले सातासमुद्रापलीकडे, आणि मागे दोन म्हातारी माणसे नि एक कुत्रा. ऑगस्टमध्ये त्याने खाणे सोडले, कोपऱ्यात पडून राहू लागला. 'दादाची आठवण काढतोय' असे घरच्यांना वाटले. परदेशातून फोनवर मुलाचा आवाज ऐकवला, तेव्हा त्याने शेपटी हलवली. मग तर खात्रीच पटली. सहाव्या दिवशी नाकातून रक्त आले, तेव्हा रिक्षा करून त्याला दवाखान्यात नेले. गोचीडताप होता. रक्तातल्या प्लेटलेट पार खाली आल्या होत्या. चार आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बरा झाला, पण 'आणखी दोन दिवस गेले असते तर सांगता आले नसते,' असे डॉक्टर म्हणाले.

त्या आजी-आजोबांना दोष देता येत नाही. मुका जीव दुखणे लपवतो आणि आपण त्या मौनात आपल्याच मनातले दुःख वाचतो. म्हणून डॉक्टरांचा नियम साधा आहे : कुत्र्याने सलग दोन वेळा खाल्ले नाही, तर कारण शोधायचे काम आपण करू नये. पावसाळ्यात रोज संध्याकाळी त्याचे कान, काखा आणि बोटांच्या बेचक्या चाचपाव्यात. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये. रॉकेल, शेतातले कीटकनाशक असले उपाय तर मुळीच करू नयेत. आणि कुत्र्यासाठी आणलेले गोचिडांचे औषध मांजराला विचारल्याशिवाय लावू नये. त्यात पर्मेथ्रिन असेल तर मांजराला ते विष ठरते.

पावसाळ्याचा दुसरा शत्रू लेप्टो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्यानंतर मुंबईकरांना हा शब्द पाठ झाला. उंदराच्या मूत्रातून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात. तेच पाणी कुत्रा चाटतो, त्यातच पाय बुडवतो. ताप, उलट्या, डोळे पिवळे होणे ही लक्षणे. आजारी कुत्र्याच्या लघवीतून तो घरातल्या माणसालाही होऊ शकतो, म्हणून ती पुसताना हातमोजे घालावेत. कुत्र्यासाठी याची लस आहे आणि ती दरवर्षी घ्यावी लागते. रात्री कुत्र्याच्या ताटलीत उरलेले अन्न तसेच ठेवू नये, हा आणखी सोपा उपाय. त्या ताटलीवर उंदीर येतात.

पावसात भिजून आल्यावर पंजे आणि लोंबते कान कोरडे करावेत. कानाला वास येणे, सारखी मान झटकणे ही पुढच्या दुखण्याची नांदी असते.

याच दिवसांत पिल्लू घरी आणणाऱ्यांनी पार्व्होची धास्ती बाळगावी. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू जमिनीवर कित्येक महिने तग धरतो. आपल्या चपलेबरोबरही तो घरात येतो. रक्ताचे जुलाब, उलट्या, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचे जाते. सहा ते आठ आठवड्यांचे असताना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवडे होईपर्यंत पुढच्या. पुष्कळ जण एका लसीवर थांबतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीला लसीला काम करू देत नाही, म्हणून पुढचे डोस लागतात. मधला हप्ता चुकवून कर्ज फिटत नाही, हे बँकेतल्या माणसाने वेगळे सांगायला नको.

दिवाळी आणि थंडी

दिवाळीची सुरुवात आपण वसुबारसेला गाय-वासराची पूजा करून करतो आणि पुढचे चार दिवस घरातल्या कुत्र्याला पलंगाखाली थरथरत ठेवतो. माणसाला सुमारे वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला चाळीस हजारांच्याही पुढचे. फटाक्यांचा जोर सुरू होण्याआधी, उजेडातच त्याला फिरवून आणावे. आतल्या खोलीत पडदे ओढून, पंखा किंवा रेडिओ लावून त्याच्यासोबत कोणीतरी बसावे. गळ्यातल्या पट्ट्यावर आपला फोन नंबर असावा, कारण घाबरून पळालेला कुत्रा वाट विसरतो. झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. फारच घाबरणारा असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारावे.

फराळाचेही पथ्य असते. लाडवावरचा बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतो. कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेट तर विषच. 'एवढेसे खाल्ल्याने काय होते' हे वाक्य दिवाळीत दवाखान्याच्या बाकावर बरेचदा ऐकू येते.

थंडीत म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे धरतात. उठायला वेळ लागतो, जिना नको वाटतो. गुळगुळीत फरशीवर जुनी सतरंजी टाकावी. बोका थंडीत पाणी कमी पितो. तो वारंवार मातीच्या डब्यात जाऊन बसत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. तुंबलेली लघवी एक-दोन दिवसांत जीव घेते. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर एक थाप मारावी, कारण इंजिनाच्या उबेला गल्लीतले मांजर झोपलेले असते.

बारा महिन्यांची दोन कलमे

पहिले कलम आपल्या औषधांच्या डब्याचे. ताप आला म्हणून आपली पॅरासिटामॉल मांजराला दिली, तर एका गोळीनेही ते मरू शकते. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होतात. तो डबा माणसांसाठी आहे, एवढे लक्षात ठेवावे.

दुसरे कलम रेबीजचे. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि बळी जाणाऱ्यांत मुले पुष्कळ असतात. पाश्चरने १८८५ साली एका मुलाला ही लस टोचली, त्याला आता एकशे चाळीस वर्षे झाली. लक्षणे दिसू लागल्यावर आजही जवळजवळ इलाज नाही. त्याआधी मात्र खात्रीचा आहे. घरातल्या कुत्र्याला आणि मांजरालाही तिसऱ्या महिन्यात पहिली लस, मग डॉक्टर सांगतील त्या तारखेला पुढची. कोणताही कुत्रा चावला, ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये.

सोसायटीच्या फाटकाशी पोळीवर वाढणारे चार कुत्रे असतात. त्यांना खाऊ घालणारे हात आणि त्यांच्यावर ओरडणारे आवाज यांत वर्षानुवर्षे भांडण चालते. दोन्ही बाजूंनी वर्गणी काढून त्या चौघांना दरवर्षी रेबीजची लस टोचून घेतली, तर फाटकातून शाळेला जाणारी मुले अधिक सुरक्षित होतील. गोव्यात गेल्या दशकात भटक्या कुत्र्यांचे मोठ्या प्रमाणावर लसीकरण झाले आणि २०१८ ते २०२० या तीन वर्षांत तिथे माणसाचा रेबीजने एकही मृत्यू नोंदला गेला नाही. आपल्या शेजारच्याच राज्यातले हे उदाहरण आहे.

तेव्हा आजच्या रविवारी एक काम करावे. भिंतीवरचे कॅलेंडर खाली उतरवावे, घरातल्या मुलांना जवळ बोलवावे आणि त्यांच्याच हाताने चार नोंदी करून घ्याव्यात : रेबीजच्या लसीची तारीख, लेप्टोसह वार्षिक लसीची तारीख, जंताच्या औषधाची तारीख, आणि मे महिन्याच्या शेवटी 'गोचिडाचे औषध'. शेजारी डॉक्टरांचा फोन नंबर लिहावा, रात्री कोणता दवाखाना उघडा असतो तेही विचारून ठेवावे. परदेशी असलेल्या मुलांनी आईवडिलांना फोन करताना त्यांच्या रक्तदाबाबरोबर कुत्र्याच्या तारखाही विचाराव्यात. त्या कुत्र्यासाठीच तर ती दोघे रोज सकाळी जिना उतरतात.