सोंड, नळी आणि श्वास



समजा, तुमच्या वडिलांची बदली अंदमानात झाली आहे आणि नाताळच्या सुटीत गावाकडचे दोन मित्र तुमच्याकडे पाहुणे म्हणून आले आहेत. त्यांना तुम्ही कुठे न्याल? बहुधा स्वराज द्वीपावर. २०१८ पर्यंत या बेटाचे नाव हॅवलॉक असे होते. तिथे एलिफंट बीच नावाची पुळण आहे. किनाऱ्यापासून अगदी जवळ, उथळ पाण्यात प्रवाळांची वस्ती आहे. होडीतून तिथे जायचे, अंगात तरंगजाकीट घालायचे, डोळ्यांवर काचेचा मास्क चढवायचा, तोंडात एक वाकडी नळी धरायची आणि पालथे होऊन पाण्यावर नुसते तरंगायचे. खाली रंगीबेरंगी मासे, समुद्रकाकड्या, शिंगांसारखी आणि मेंदूसारखी दिसणारी प्रवाळे! या खेळाला म्हणतात स्नॉर्केलिंग आणि त्या नळीला स्नॉर्केल.

स्नॉर्केल हा शब्द जर्मन आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांना पाण्याखाली असताना हवा ओढून घेण्यासाठी जी नळी बसवली होती, तिचे हे नाव. आपली नळी त्या मानाने फारच साधी. एक टोक दातांत, दुसरे पाण्याच्या वर. लांबी जेमतेम ३५ ते ४० सेंटिमीटर.

इथे तुमचा एखादा चौकस मित्र हमखास विचारील, "नळी एवढी आखूड का? दोन मीटर लांब नळी घेतली, तर तळाशी बसून आरामात मासे नाही का पाहता येणार?"

प्रश्न अगदी बिनतोड वाटतो. पण अशी नळी कोणत्याच दुकानात मिळत नाही. का मिळत नाही, ते आज पाहू. ही माहिती केवळ अंदमानच्या सहलीपुरती नाही. गावच्या विहिरीत बुड्या मारणाऱ्यांनाही ती जीव वाचवण्यासाठी हवी.

पहिली अडचण : पाण्याचा दाब

आधी घरी करता येण्याजोगा एक प्रयोग करा. बादली पाण्याने भरा. मीटरभर लांबीची एक स्वच्छ प्लॅस्टिकची नळी घ्या. तिच्या टोकापासून ५, १० आणि २५ सेंटिमीटरवर खुणा करा. आता टोक एकेका खुणेपर्यंत पाण्यात सरळ उभे बुडवा आणि दुसऱ्या टोकातून हळूहळू फुंकत बुडबुडे काढा. ५ सेंटिमीटरला बुडबुडे सहज निघतात. २५ सेंटिमीटरला मात्र जोर लावावा लागतो. जितके खोल जावे तितका पाण्याचा दाब वाढतो आणि तुमच्या छातीच्या स्नायूंना त्याच्यावर मात करावी लागते.

हिशेब सोपा आहे. पाण्यात दर सेंटिमीटर खोलीमागे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ ग्रॅम वजनाइतका दाब वाढतो. म्हणजे १ मीटर खोलीवर तो १०० ग्रॅम झाला. छातीचा पुढचा भाग ३० सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद धरला, तर क्षेत्रफळ होते ९०० चौरस सेंटिमीटर. ९०० ला १०० ने गुणा. ९०,००० ग्रॅम, म्हणजे ९० किलोग्रॅम! छातीवर एक धट्टाकट्टा माणूस बसला आहे आणि तुम्हाला श्वास घ्यायचा आहे, अशी ही स्थिती.

"पण मग पाणबुडे १० मीटर खोल जातात, ते चिरडत कसे नाहीत?" हा प्रश्नही योग्यच. श्वास रोखून बुडी मारणाऱ्याच्या फुप्फुसातली हवा कोंडलेली असते. बाहेरचा दाब वाढला की ती हवा दबते आणि तिचाही दाब तितकाच वाढतो. आत आणि बाहेर समतोल राहतो. पाठीवर हवेची टाकी घेऊन जाणाऱ्या पाणबुड्याला त्याचे यंत्र भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा पुरवते. झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या फ्रेंच जोडीने १९४३ मध्ये बनवलेल्या उपकरणाचे मर्म हेच होते. नळीने श्वास घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याची फुप्फुसे नळीवाटे थेट वरच्या हवेला जोडलेली असतात. आतमध्ये वरच्या हवेचा दाब आणि छातीवर बाहेरून खोल पाण्याचा दाब! समतोल उरत नाही. निरोगी प्रौढ माणसाने सगळा जोर लावून श्वास आत ओढला, तरी साधारण १ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतकाच दाब त्याला पेलतो आणि तोही क्षणभरच. त्या खोलीवर मिनिटाला पंधरा वेळा श्वास घेणे त्याला शक्य होणार नाही.

शिवाय आतला दाब कमी पडल्याने शरीरातले रक्त छातीकडे ओढले जाते. फुप्फुसातल्या केसाहून बारीक वाहिन्या फुगतात, त्यांतून द्रव पाझरू लागतो आणि फुप्फुसांना इजा होऊ शकते.

दुसरी अडचण : शिळी हवा

क्षणभर समजा की दाबाची अडचण नाही. तरीही लांब नळी चालणार नाही. आता वही-पेन्सिल घ्या.

शांतपणे बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत घेतो. त्यातली जवळजवळ १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिका यांतच राहते. वायूंची देवाणघेवाण जिथे होते, त्या वायुकोशांपर्यंत ती पोचतच नाही. उच्छ्वासाच्या शेवटी या जागेत वापरलेली हवा शिल्लक राहते आणि पुढच्या श्वासाबरोबर तीच आधी आत जाते. तोंडात नळी धरली की या निरुपयोगी जागेत नळीच्या पोकळीची भर पडते.

नळीचा आतला व्यास २ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या १ सेंटिमीटर धरू. लांबी ४० सेंटिमीटर. दंडगोलाच्या घनफळाचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहेच. उत्तर येते सुमारे १२६ मिलिलिटर. आधीचे १५० त्यात मिळवा. २७६ झाले. ५०० मधून २७६ गेले, उरली २२४ मिलिलिटर ताजी हवा. एवढ्यावर भागते, कारण आपण थोडा दीर्घ श्वास घेऊन तूट भरून काढतो.

आता नळी १ मीटर लांब करा. तिचे घनफळ ३१४ मिलिलिटर. १५० मिळवल्यावर ४६४. ताजी हवा उरली फक्त ३६ मिलिलिटर! माणूस धापा टाकीत राहील, पण वायुकोशांत आपलीच शिळी हवा फिरवीत बसेल. तिच्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डाय-ऑक्साइड जास्त. मग नळी बारीक का करू नये? कारण बारीक नळीतून हवा ओढायला जास्त जोर लागतो. पाण्याचा गडवा भरून ठेवा आणि जाड व बारीक अशा दोन नळ्यांनी तो पिऊन पाहा, म्हणजे फरक कळेल.

हाच हिशेब आणखी एक गोष्ट शिकवतो. पहिल्यांदाच समुद्रात उतरलेला मित्र घाबरतो. घाबरलेला माणूस भराभर आणि उथळ श्वास घेतो. एक श्वास ३०० मिलिलिटरचा धरा. आखूड नळीतही त्याच्या वायुकोशांना मिळते फक्त २४ मिलिलिटर ताजी हवा. त्यामुळे तो अधिक गुदमरतो आणि अधिक घाबरतो. तेच त्याने १००० मिलिलिटरचा संथ, खोल श्वास घेतला, तर ७२४ मिलिलिटर मिळतात. म्हणून नवख्याला आधी कंबरभर पाण्यात उभे करून नळीने सावकाश श्वास घेण्याचा सराव द्यावा. गावच्या नदीत पट्टीचा पोहणारा असला, तरी या नळीपुढे तो नवखाच.

हत्तीला कसे जमते?

स्वराज द्वीपाच्या किनाऱ्यावर एका पोहणाऱ्याला मात्र लांब नळी चालत असे. तो म्हणजे राजन नावाचा हत्ती. अंदमानात जंगलातले ओंडके वाहण्यासाठी मुख्य भूमीवरून हत्ती आणले गेले होते आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर ते पोहत जात. राजन त्यांपैकीच एक. पुढे समुद्रात पोहतानाच्या त्याच्या छायाचित्रांनी त्याला जगभर प्रसिद्धी मिळाली. २०१६ मध्ये तो वारला.

पोहणारा हत्ती जवळजवळ सगळा पाण्याखाली जातो आणि सोंडेचे टोक तेवढे वर ठेवतो. ग्रीक विद्वान ॲरिस्टॉटल याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच सोंडेची तुलना पाणबुड्यांच्या श्वास घेण्याच्या साधनाशी केली होती! त्या वेळी हत्तीची फुप्फुसे पृष्ठभागाखाली सुमारे २ मीटर असू शकतात. आपल्या हिशेबाप्रमाणे त्याच्या छातीतल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटायला हव्यात. त्या फुटत का नाहीत?

आपल्या फुप्फुसांभोवती दोन पातळ पडदे असतात आणि त्यांच्यामध्ये द्रवाचा एक बारीक थर असतो. हत्तीमध्ये ही पोकळी नसते. दोन्ही पडदे सैल पण चिवट तंतुमय ऊतीने एकमेकांना जोडलेले असतात. ही विचित्र रचना शरीररचनाशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होती, पण ती कशासाठी हे कळत नव्हते. जॉन वेस्ट या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने २००१ मध्ये तिचे स्पष्टीकरण मांडले. सोंडेने श्वास घेत खोल पाण्यातून जाताना पडद्यांतल्या रक्तवाहिन्यांवर जो ताण येतो, तो सोसण्यासाठीच ही चिवट बांधणी आहे, असे त्यांचे म्हणणे. शिळ्या हवेची अडचणही हत्तीला फारशी भासत नाही, कारण त्याचा एक श्वासच आपल्या श्वासाच्या कितीतरी पट मोठा असतो. दोन मीटर नळीसाठी असे शरीर लागते. ते आपल्याजवळ नाही.

श्वास रोखण्याचा घातक खेळ

लांब नळी चालत नाही हे पटले, की मित्र दुसरी युक्ती काढतात. श्वास रोखून खाली बुडी मारायची. अनुभवी माणसे हे करतातच. पण बुडीच्या आधी "दहा-वीस वेळा जोरजोराने श्वास घे, म्हणजे जास्त वेळ टिकशील," असा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नका. या सल्ल्याने चांगल्या पोहणाऱ्यांचे प्राण गेले आहेत.

आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे, तर रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साठल्यामुळे. ही शरीराची धोक्याची घंटा. भराभर श्वास घेतल्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, कारण निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेले असते. कार्बन डाय-ऑक्साइड मात्र बराचसा बाहेर पडतो. म्हणजे आपण शिदोरी वाढवत नाही, घंटा तेवढी बंद करतो. पाण्याखाली प्राणवायू संपत येतो, तरी गुदमरल्यासारखे वाटत नाही आणि मग काहीही सूचना न मिळता शुद्ध हरपते.

खोलीवरून वर येताना धोका आणखी वाढतो. १० मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. त्या दाबामुळे फुप्फुसातला उरलासुरला प्राणवायू रक्तात शिरत असतो. वर येता येता दाब निम्मा होतो आणि प्राणवायूचा दाबही त्याच प्रमाणात उतरतो. त्यामुळे पृष्ठभाग हाताशी आला असतानाच माणूस बेशुद्ध पडू शकतो. तो ओरडत नाही, हातपाय मारत नाही. वरच्यांना वाटते, "वा! किती वेळ टिकला!"

हे घडायला समुद्र किंवा १० मीटर खोली लागत नाही. पोहण्याच्या तलावात आणि विहिरीतही ते घडते. "पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो" ही पैज आपल्याकडे दर उन्हाळ्यात लागते. ती लावू नका आणि कोणाला लावूही देऊ नका.

पाण्यात उतरण्यापूर्वी एवढे नक्की करा. पाण्यात कधीच एकटे जाऊ नका. बुडी मारायची तर एकाने खाली जावे आणि दुसऱ्याने वरून त्याच्यावर नजर ठेवावी. दोघांनी एकाच वेळी बुडू नये. बुडीच्या आधी दोन-तीन नेहमीसारखे श्वास पुरेत. नवख्यांनी तरंगजाकीट काढू नये. होडीवर एका जाणत्याने थांबून डोकी मोजत राहावे. प्रवाळांवर उभे राहू नये आणि त्यांवर नांगर टाकू नये; ती जिवंत प्राण्यांची वसाहत आहे आणि ती फार सावकाश वाढते.

खोल गेला नाहीत म्हणून तुमचे फारसे काही चुकणार नाही. उष्ण कटिबंधातल्या या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात. त्यांना सूर्यप्रकाश लागतो आणि म्हणूनच प्रवाळांची सर्वांत दाट वस्ती उथळ, स्वच्छ पाण्यात असते. शिवाय पाण्यातल्या वस्तू मास्कच्या काचेतून जवळ आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात. वक्रीभवनाच्या धड्यात याचे कारण तुम्हाला सापडेल. चाळीस सेंटिमीटरच्या नळीला दिसते तेवढे पाहायलाच सकाळ पुरणार नाही.

शिक्षकांनी वर शिळ्या हवेचा जो हिशेब दिला आहे, तो वर्गात फळ्यावर मांडून घ्यावा. नळीची लांबी दर वेळी १० सेंटिमीटरने वाढवत ताज्या हवेचा आलेख मुलांकडून काढून घ्यावा आणि रेषा शून्याला कुठे टेकते ते त्यांनाच शोधू द्यावे.