चाळीतील मनीप्लँट : निगा आणि डासांचा बंदोबस्त

मुंबईस शोभेची रोपे पुरविणाऱ्या रोपवाटिका ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांत पुष्कळ आहेत. तेथील रोपे दादरसारख्या बाजारांतून गिरगाव, परळ, लालबाग येथील घरांत पोहोचतात. रोप विकले म्हणजे काम संपले, अशी समजूत रोपवाटिकाधारकाने करून घेऊ नये. महिन्याभरात रोप वाळले तर गिऱ्हाईक पुन्हा त्या वाटेस जात नाही.

मनीप्लँट हा अळू व सुरण यांच्याच कुळातील वेल असून पॅसिफिक महासागरातील मूरिया बेट हे त्याचे मूलस्थान होय. अळूप्रमाणेच त्यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते. म्हणून मुलांच्या हातास लागणार नाही असा तो टांगावा.

हा वेल मोठ्या वृक्षांच्या छायेत वाढणारा असल्याने कमी उजेड सोसतो, परंतु अंधार सोसत नाही. १९२० च्या दशकात बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. अशा खोलीत कपाटावर कोपऱ्यात ठेवलेल्या वेलाची पेरे लांबतात, पाने लहान होतात व त्यांवरील पिवळे पट्टे नाहीसे होतात. पट्ट्यांच्या भागात हरितद्रव्य थोडे असते, हे त्याचे कारण. वेल खिडकीलगत अथवा गॅलरीच्या दाराशी ठेवावा. दुपारचे कडक ऊन मात्र टाळावे.

कुंडीतील वेल बहुधा पाण्याच्या अभावाने नव्हे, तर अतिरेकाने मरतो. उजेड कमी तेथे पाण्याची गरजही कमी. माती सतत चिंब राहिली तर मुळांस हवा मिळत नाही व ती कुजतात. बोट इंचभर खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. पानांवर रोज फवारा मारण्याची परदेशी पुस्तकांतील शिफारस मुंबईच्या दमट हवेत अनावश्यक आहे.

बाटलीतील मनीप्लँटकडे अधिक लक्ष पुरविणे जरूर आहे. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत साधारणतः ८ ते १० दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून किमान एकदा, पावसाळ्यात दोनदा, पाणी बदलावे. नुसते पाणी ओतून टाकणे पुरेसे नाही. मादी पाण्याच्या रेषेलगत ओलसर काठावर अंडी चिकटविते व ती कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. बाटली आतून ब्रशाने घासावी, मुळेही धुवावीत. जुने पाणी कोरड्या जमिनीवर ओतावे. कुंडीखालच्या बशीत वाळू भरावी. हाच नियम चाळीतील पाण्याच्या पिंपासही लागू आहे. तेथे घट्ट झाकण हवे. खरे पाहता, बाटलीपेक्षा मातीची कुंडीच बरी.

रोपवाटिकेत ५० टक्के सावलीच्या जाळीखाली वाढलेले रोप एकदम खोलीत गेले की पाने गाळते. विक्रीपूर्वी दोन ते तीन आठवडे ते ७५ टक्के सावलीत ठेवावे व पाणी हळूहळू कमी करावे. नवी रोपे करताना दोन पेरांचे छाट घ्यावे, एक पेर मातीत राहील असे लावावे. पानांच्या बेचक्यांत पांढरा पिठ्या ढेकूण दिसल्यास ते रोप बाजूस काढून साबणाच्या सौम्य पाण्याने पुसावे. किडलेले रोप बाजारात पाठवू नये. पाणी बदलण्याची सूचना मराठीत छापून प्रत्येक रोपास बांधण्याचा खर्च अत्यल्प असून, गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोपवाटिकाधारकांस ती तयार करून द्यावी.