अवर्षणसह बाग

अल्प व अनिश्चित पावसाच्या प्रदेशात, कमी पाण्यावर तग धरणाऱ्या वनस्पतींची निवड करून योजनापूर्वक तयार केलेली बाग. महाराष्ट्रातील जालना जिल्हा (स्थापना १ मे १९८१) हे अशा बागेची गरज व तिच्या मर्यादा स्पष्ट करणारे उदाहरण होय.

हवामान व जमीन : जिल्ह्यात वर्षाला सरासरी ६५०–७५० मिमी. पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. उन्हाळ्यात कमाल तापमान ४०° से.च्या वर जाते. बेसाल्ट खडकातील भूजलसाठा मर्यादित असून तो उन्हाळ्यात झपाट्याने घटतो. या खडकापासून बनलेली भारी काळी जमीन पावसाळ्यात फुगते व तिच्यातून पाण्याचा निचरा मंद होतो. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडून मुळे तुटतात. त्यामुळे येथील वनस्पतीस कोरडेपणाबरोबरच साचलेली ओलही सोसावी लागते. कोरफड व निवडुंग उन्हाळा सहज काढतात. परंतु भारी जमिनीत पावसाळ्यात त्यांची मुळे कुजतात. म्हणून ती मुरमाड उंचवट्यावर लावतात.

वनस्पतींची निवड : बोर व सीताफळ ही झाडे उन्हाळ्यात पाने गाळून सुप्तावस्थेत जातात. त्यामुळे बाष्पोच्छ्वास कमी होतो आणि त्यांचा वाढीचा व फळांचा काळ पावसाळ्यात व त्यापुढील महिन्यांत येतो. याउलट मोसंबी सदाहरित असल्याने तिला उन्हाळ्यातही पाणी लागते. २०१२–१३ च्या तीव्र अवर्षणात जिल्ह्यातील मोसंबीच्या अनेक बागा वाळल्या व कित्येक वर्षांची जोपासना वाया गेली. जालना तालुक्यातील कडवंची येथे मात्र पाणलोट विकास व शेततळी यांच्या आधारे द्राक्षबागा उभ्या राहिल्या. यावरून अधिक पाणी लागणारी झाडे पावसाच्या सरासरीवर विसंबून न लावता उन्हाळ्यासाठी खात्रीने साठविता येणाऱ्या पाण्याच्या प्रमाणातच लावणे इष्ट ठरते.

शोभेसाठी व सावलीसाठी भारी जमिनीत पळस व बाभूळ, तर निचऱ्याच्या जमिनीत कडुनिंब, बहावा व शेवगा योग्य होत. कुंपणास निर्गुडी, कण्हेर व बोगनवेल, तर मुरमाड जागी तरवड लावतात. कण्हेर विषारी असल्याने ती मुले व गुरे यांच्या वावरापासून दूर ठेवतात. हिरवळीस सतत पाणी लागत असल्याने ती टाळणे योग्य.

लागवड व निगा : उन्हाळ्यात सु. ६० सेंमी. लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन ते उन्हात तापू देतात. नंतर माती व कुजलेले शेणखत यांनी भरतात. पावसाळ्याच्या आरंभी लागवड करतात. बोराचे बी जागेवरच पेरून त्या रोपावर निवडक जातीचा डोळा भरल्यास सोटमूळ न दुखावता खोल जाते. उतारावर प्रत्येक झाडाच्या खालच्या अंगास अर्धचंद्राकृती बांध घातल्याने वाहते पाणी तेथे मुरते.

अवर्षणसह झाडांनाही पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे लागते. त्यासाठी रोपाजवळ कच्छिद्र मडके पुरून ते भरून ठेवतात. त्यातील पाणी मातीच्या ओढीने हळूहळू झिरपते. ठिबक सिंचनही उपयुक्त असते. पालापाचोळ्याच्या ८–१० सेंमी. जाडीच्या आच्छादनाने बाष्पीभवन घटते व भेगा कमी पडतात. आच्छादन खोडाला मात्र भिडू देत नाहीत. सारख्या गरजेची झाडे एकत्र लावल्यास पाणी वाया जात नाही. घराच्या १ चौ. मी. छपरावर १ मिमी. पाऊस पडल्यास १ लि. पाणी मिळते, या हिशेबाने साठवणीची टाकी व तिच्या आधारे बागेचा विस्तार ठरविता येतो.