आधी कागद, मग चर्चा

उधन्याच्या पुढे नवागाम-डिंडोलीच्या गल्ल्यांत शिरलं की आपण सुरतेत आहोत याचा विसर पडतो. दुकानांच्या पाट्या गुजराती, पण ओट्यावरच्या गप्पा मराठीत, त्याहून जास्त अहिराणीत. ताप्ती लाइनच्या गाड्यांनी आलेला हा खान्देश लूमच्या खात्यांत आणि डाइंग मिलमध्ये राबला. सुरत पालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू माध्यमाच्याही शाळा चालवते. तिथून शिकून निघालेल्या पिढीतली काही मुलं आता हिऱ्याच्या आणि कापडाच्या धंद्याला लागणारं सॉफ्टवेअर लिहितात.

अशा कुठल्याही कंपनीत एक बैठक हमखास होते. टीम लीडर फळ्यावर ‘नवीन टेक्नॉलॉजी आयडिया’ लिहितो आणि म्हणतो, “बोला, काहीही बोला!” पहिला बोलतो सगळ्यात सिनियर. उरलेले त्याच्याच कल्पनेला ठिगळं लावत बसतात. तासाभराने ‘यात एआय टाकू या’ असं ठरतं आणि लोचो मागवला जातो.

ही पद्धत रूढ केली अमेरिकेतल्या बीबीडीओ या जाहिरात कंपनीच्या अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी. 1948 च्या पुस्तकात त्यांनी ब्रेनस्टॉर्मिंगचा पुरस्कार केला: टीका करू नका, विचित्र कल्पना अडवू नका, संख्या वाढवा, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला. दहाच वर्षांनी, 1958 मध्ये, येल विद्यापीठात याची परीक्षा झाली. एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा सुटे बसलेल्या चौघांना मिळून जवळपास दुप्पट कल्पना सुचल्या! एक बोलत असताना बाकीच्यांचं डोकं अडून राहतं, हे डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये दाखवलं. त्यावरचा उपाय तोवर जर्मनीत निघालेलाही होता. 1968 सालची बेर्न्ड रोरबाख यांची ‘6-3-5’ पद्धत: सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं, मग कागद शेजाऱ्याकडे. अर्ध्या तासात 108 कल्पना, आणि तोंड उघडायचं नाही. मराठी माणसाला हे कितपत झेपेल ही शंका रास्त आहे.

पण कागदावर प्रश्नच चुकीचा लिहिला असेल तर 108 उत्तरंही वायाच जाणार. नेमक्या प्रश्नाने काय होतं याचं एक उदाहरण पाहा. पुण्यात टीसीएसने 1981 मध्ये टीआरडीडीसी ही संशोधन संस्था उभारली. सॉफ्टवेअर कंपनीची संस्था, पण तिथे भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्यावरही काम झालं. 2009 च्या डिसेंबरात बाजारात आलेल्या ‘टाटा स्वच्छ’ या घरगुती जलशुद्धीकरण यंत्राचं मूळ त्या राखेत आहे. त्याहून नवलाचं काम साक्षरतेचं. टीसीएस घडवणारे, पंचाहत्तरी गाठलेले फकीरचंद कोहली विचारत होते, की प्रौढ माणसाला मुळाक्षरांपासून का शिकवायचं? त्याला बोलता येतं, हजारो शब्द त्याच्या तोंडात आहेत. मग शब्दाचं चित्रच ओळखायला शिकवलं तर? राष्ट्रीय साक्षरता अभियानाचे धडे घेतले, त्यांना आवाज आणि हलती चित्रं जोडली, आणि 2000 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, मेडक जिल्ह्यातल्या बीरमगुडा गावी पहिला वर्ग सुरू झाला. सुमारे 40 ते 45 तासांत शिकणारे सोपा मजकूर वाचू लागले. पुढे मराठीतही धडे झाले. यंत्रं कोणती? कचेऱ्यांनी बाद केलेले जुने संगणक! प्रशिक्षित शिक्षकाचीही गरज नव्हती. लिहिणं मागे राहिलं ही त्यातली उणीव खरी. पण कोहलींनी भर मुद्दाम वाचण्यावर दिला होता. या सगळ्यात ‘नवीन टेक्नॉलॉजी’ औषधालासुद्धा नव्हती. नवा होता तो प्रश्न.

सुरतेच्या हिऱ्याचंही तसंच. कच्चा दगड घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, जाण्याआधी तो कुठे कापायचा हे मार्किंग करणारा कारागीर भिंग लावून, शाईची रेघ मारून ठरवायचा. रेघ चुकली की वजन गेलं. त्याच चिंतेतून दगड फिरवून त्याचा त्रिमिती नमुना बनवणारी आणि कोणत्या कापात जास्त किंमत येईल ते सुचवणारी सॉफ्टवेअर आली. सरीन या इस्रायली कंपनीची ‘गॅलेक्सी’ यंत्रं तर दगडाच्या पोटातले डागही शोधतात. लेझरने हिरा कापणारी यंत्रं सुरतेच्या सहजानंद टेक्नॉलॉजीजने इथेच बनवली, कारण गिऱ्हाईक गल्लीपलीकडे होतं आणि त्याची तक्रार रोज कानावर पडत होती.

कापडाच्या बाजूने असे प्रश्न अजून पडून आहेत. लूमवाल्याची मजुरी मीटरवर ठरते, आणि हिशोब शेठच्या वहीत असतो. नवागामच्या ज्या मुलाचे वडील खात्यात दोन पाळ्या उभे राहिले, त्याला हे फळ्यावर लिहून सांगावं लागत नाही. फक्त बैठकीत त्याची पाळी येत नाही.

म्हणून टीम लीडर मंडळींना विनंती: पुढच्या वेळी फळा कोरा ठेवा, कागद वाटा, दहा मिनिटं कुणालाही बोलू देऊ नका आणि सिनियरचा कागद सर्वांत शेवटी वाचा. विषयही बदला. ‘आपले किती मीटर झाले हे कारागिराला स्वतःला कसं तपासता येईल?’ एवढा एकच प्रश्न द्या.