मेंदू शिकताना (लेखांक 5) : माकुळाचा चेतातंतू आणि अकरावीला सुटलेले गणित

मागच्या लेखांकात चेतापेशीची रचना पाहिली. न्यूरोबायोलॉजी हा विषय पदवीला घेणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना तोवरचा अभ्यास मनापासून आवडतो. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी शाईने काढलेल्या पेशींच्या आकृत्या आजही पुस्तकांत दिसतात, आणि त्या पाहतच राहाव्यात अशा आहेत. मग एके दिवशी फळ्यावर नर्न्स्ट यांचे समीकरण येते. त्यात लॉगॅरिदम असतो, तापमान असते, विद्युतभार असतो, आणि वर्गातल्या काही चेहऱ्यांवरचा उत्साह मावळतो. स्मृती, स्वप्ने, भीती यांचा शोध घ्यायला आलेल्या मुलांपुढे भौतिकशास्त्र उभे राहिलेले असते.

आपल्याकडे हा धक्का जास्त बसतो, कारण अकरावीला पीसीबी घेतानाच अनेकांनी गणित सोडलेले असते. बायोलॉजीला गणित लागत नाही, हा सल्ला घराघरांत इतक्या सहज दिला जातो की त्याची शहानिशा कोणी करत नाही. या विषयापुरता तरी तो सल्ला चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे समजायला माकुळाकडे जावे लागते.

कोकणच्या बाजारात मिळणाऱ्या माकुळाचे भाईबंद अटलांटिक समुद्रातही आहेत. धोका जाणवताच माकूळ शरीरातले पाणी जोराने बाहेर फेकून पळते, आणि तो आदेश वाहून नेणारा चेतातंतू अर्ध्या ते एक मिलिमीटर जाडीचा असतो. माणसाचे चेतातंतू मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके बारीक. जे. झेड. यंग यांनी 1936 मध्ये या जाड तंतूकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. 1939 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या प्लायमाउथच्या सागरी प्रयोगशाळेत ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी त्या तंतूत लांबीच्या दिशेने इलेक्ट्रोड सरकवला.

तंतूच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे वीस पट असते. ते बाहेर झिरपते, जाताना धन भार नेते, आतली बाजू ऋण होते, आणि तो ऋण भारच उरलेल्या पोटॅशियमला मागे खेचू लागतो. ही दोन्ही बळे जिथे तुल्यबळ होतात, तो आकडा नर्न्स्ट समीकरण देते : सुमारे उणे 75 मिलिव्होल्ट. प्रत्यक्ष मोजले तर शांत तंतूचे विभव त्यापेक्षा थोडे कमी ऋण भरते, कारण थोडे सोडियमही आत झिरपत असते. गणित आणि मोजमाप यांतली ही तफावत विद्यार्थ्याने स्वतः शोधावी आणि स्वतःच उलगडावी. या अभ्यासक्रमातला सर्वात मोलाचा तास कोणता असे मला कोणी विचारले, तर मी हाच सांगेन.

1939 च्या त्या उन्हाळ्यात संदेश जाताना आतले विभव शून्यावर थांबले नाही, शून्य ओलांडून धन झाले. तेव्हाच्या प्रचलित सिद्धांतात हे बसत नव्हते. पण महायुद्ध सुरू झाले आणि काम थांबले. युद्धानंतर हॉजकिन आणि हक्सली यांनी पुन्हा प्रयोग केले आणि 1952 मध्ये पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले. त्यात चार डिफरन्शियल इक्वेशन होती. केंब्रिजचा संगणक तेव्हा मोठ्या फेरबदलांसाठी बंद असल्याने हक्सली यांनी ती हाताने फिरवायच्या ब्रुन्सविगा यंत्रावर सोडवली. संदेशाचा वेग निघाला सेकंदाला 18.8 मीटर. प्रयोगात मोजलेला वेग होता 21.2. या कामासाठी दोघांना 1963 चे नोबेल मिळाले.

समीकरणात पोटॅशियमसाठी एका राशीचा चौथा घात होता : चार स्वतंत्र कण एकाच वेळी जागेवर आले तरच वाट उघडते, असे त्याचे चित्र. ही वाट, म्हणजे वाहिनी, तेव्हा कोणी पाहिलेली नव्हती. 1998 मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी जिवाणूतल्या पोटॅशियम वाहिनीची रचना क्ष-किरणांनी उलगडली, तर ती चार सारख्या घटकांनी बनलेली होती. आपल्या चेतापेशींतल्या बहुतेक पोटॅशियम वाहिन्याही चौघांच्याच. कागदावरचा घातांक रेणूत सापडावा, याचे मला आजही भारावून टाकणारे आश्चर्य वाटते.

हॉजकिन आणि हक्सली पदवीला काय शिकले होते? हक्सली केंब्रिजला भौतिकशास्त्राच्या ओढीने आले होते, शरीरक्रियाशास्त्र त्यांनी जोडविषय म्हणून घेतले. हॉजकिन जीवशास्त्राचे, पण गणित आणि भौतिकशास्त्र शीक, असे त्यांना प्राणिशास्त्रज्ञ कार्ल पँटिन यांनी वेळीच सांगितले. आज कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत न्यूरोबायोलॉजी, फिजिऑलॉजी आणि बिहेवियर असा पदवीचा विषय आहे. तिथेही आधी कॅल्क्युलस, रसायन आणि भौतिकशास्त्र पार करावे लागते. आपल्याकडे पदवीला हा विषय स्वतंत्रपणे क्वचितच मिळतो. बहुतेकांना तो प्राणिशास्त्राच्या किंवा लाइफ सायन्सच्या एखाद्या पेपरातच भेटतो.

ज्यांचे गणित सुटले आहे त्यांनी घाबरू नये. लॉगॅरिदम, घातांकी फलन आणि डेरिव्हेटिव्हचा अर्थ, एवढे सुट्टीत मनावर घेतले तर या प्रकरणात शिरता येते. मग ती चार समीकरणे पायथॉनमध्ये स्वतः लिहावीत. ज्यासाठी हक्सलींना दिवसचे दिवस लागले, ते लॅपटॉपवर क्षणात होते. त्यांतला सोडियमच्या वाहकतेचा आकडा, म्हणजे सोडियम किती सहज आत येते तो, हळूहळू कमी करत न्यावा. एका टप्प्यावर संदेश उठेनासा होतो. दाताच्या डॉक्टरकडे हिरडीत दिलेले लिडोकेन नेमके हेच करते, सोडियमच्या वाहिन्या अडवते.

पुढच्या आठवड्यात : संदेश तंतूच्या टोकाला पोहोचल्यावर पलीकडच्या पेशीत कसा जातो.