उन्हाळ्यातील शेतकामे आणि शरीरातील पाणी

चैत्र सरत आला की पालघर तालुक्यातील भातशेतकरी राबाच्या कामास लागतात. रोपांसाठी राखलेल्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत व माती यांचे थर घालावयाचे आणि पावसापूर्वी ते भाजून घ्यावयाचे, हे काम ऐन उन्हाळ्याचे. डोक्यावर सूर्य आणि पायाशी विस्तव! (राब भाजण्यापेक्षा गादीवाफ्यावर रोपे तयार करावी, ही शिफारस पुष्कळदा केली गेली आहे, परंतु येथे विषय निराळा आहे.) त्याच दिवसांत डहाणू-घोलवडच्या वाड्यांतून चिकूची तोडणी चालू असते, केळवे-माहीमच्या पानवेलींना पाणी द्यावयाचे असते, सातपाटीस कोळी भगिनी मासळी वाळवीत असतात, आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामास जाणारे अनेकजण पाळी संपवून पुन्हा घरच्या शेतावर उतरतात. या सर्वांच्या शरीरातून दिवसभरात किती पाणी निघून जाते, याचा हिशेब मात्र सहसा कोणी ठेवीत नाही.

उष्माघात हा विदर्भाचा रोग, समुद्रकाठी वारा असतो, तेथे त्याचे भय नाही, अशी एक समजूत या भागात रूढ आहे. ती घातक आहे. नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो व डहाणूचा बहुधा ३३-३४ अंशांवर राहतो, हे खरे. परंतु शरीर थंड राहते ते घामामुळे, आणि घाम नुसता येऊन भागत नाही. तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम अंगावर पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. कोरड्या हवेत घाम झपाट्याने वाळतो. किनाऱ्यावरील दमट हवेत तो अंगावरून ओघळून मातीत पडतो. म्हणजे शरीरातील पाणी व मीठ खर्च होते आणि थंडावा पुरेसा मिळत नाही. तापमान ३४ अंश आणि हवेतील आर्द्रता ६५ टक्के असेल, तर सावलीत बसलेल्या माणसाच्या शरीरासही ते ४४ अंशांच्या आसपास जाणवते. म्हणूनच भारतीय हवामान खाते उष्णतेची लाट ठरविताना सपाट प्रदेशासाठी किमान ४० अंशांची, तर किनारपट्टीसाठी ३७ अंशांचीच मर्यादा धरते. त्याबरोबर तापमान नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी वाढलेले असावे लागते.

दमट उन्हाचा प्रताप किती भयंकर असतो, हे १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे दिसून आले. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभासाठी लाखो लोक उघड्या मैदानावर कित्येक तास बसून होते. तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. त्या उन्हाने १४ जणांचा बळी घेतला. त्यांच्या हातात कुदळ नव्हती की डोक्यावर भारा नव्हता. ती माणसे केवळ बसलेली होती. याच किनारपट्टीवर त्याच हवेत जो दुपारी राबाचे थर रचतो, त्याच्या शरीरात श्रमाची उष्णता निराळी निर्माण होत असते.

कष्टाच्या कामात तासाला एक लिटर घाम जाणे ही नवलाची गोष्ट नाही. पन्नास किलो वजनाच्या माणसाच्या शरीरातून एक लिटर पाणी गेले म्हणजे वजनाचा पन्नासावा भाग गेला, आणि एवढ्यानेच काम मंदावू लागते. तहान लागते ती बहुधा यानंतर. बैल धापा टाकू लागला की शेतकरी जू उतरवून त्याला सावलीत नेतो, पाणी दाखवितो; स्वतःच्या बाबतीत मात्र “एवढा तुकडा झाला की पिऊ” असे म्हणतो!

शरीरातील पाणी कमी झाल्याची सर्वांत सोपी खूण लघवी ही होय. ती फिकट व पुरेशी होत असेल तर काळजी नाही. गर्द पिवळी, थोडी व जळजळ करणारी झाली, अथवा सकाळपासून दुपारपर्यंत झालीच नाही, तर पाणी निश्चित कमी पडले आहे. ‘उन्हाळे लागले’ म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. यानंतर तोंड कोरडे पडणे, डोके दुखणे, उभे राहताच भोवळ येणे, पोटऱ्यांत वा पोटात गोळे येणे आणि विनाकारण चिडचिड होणे ही लक्षणे दिसू लागतात. शेवटचे लक्षण स्वतःला कळत नाही, सोबत्यांनी ओळखावयाचे असते. हाताच्या कातडीस चिमटा घेऊन ती हळूहळू खाली बसते का हे पाहण्याची रीत प्रसिद्ध आहे. पण वृद्धांची कातडी मुळातच सैल असल्याने त्यांच्याबाबत तिच्यावर विसंबू नये. तान्ह्या मुलाची टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी आले नाही किंवा दुपटी कोरडी राहू लागली, तर एक क्षणही दवडू नये.

माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला अथवा बेशुद्ध झाला आणि अंग तापून निघाले असेल, तर तो उष्माघात समजावा. अंगास घाम आहे म्हणून उष्माघात नव्हे, असे मानू नये. श्रमाने आलेल्या उष्माघातात घाम सुटलेलाही असतो. अशा वेळी गाडीची वाट पाहत बसण्यापूर्वी रोग्यास सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, सर्वांगावर मिळेल ते थंड पाणी ओतीत राहावे व वारा घालावा. काख, मान व जांघेत ओली फडकी ठेवावी. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. तापाच्या गोळीचा येथे उपयोग होत नाही. कांदा नाकाशी धरण्यात जी मिनिटे जातात ती पाणी ओतण्यात घालविलेली बरी.

कामाच्या वेळी दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, तहानेची वाट पाहू नये. तथापि घटाघटा नुसतेच पाणी पोटात भरणेही बरे नव्हे. घामातून मीठही जात असते. मीठ घातलेले ताक, भाताची पेज, नाचणीची आंबील ही आपल्या घरची पेये या कामी उत्तम आहेत, आणि जव्हार-मोखाड्याकडील आदिवासी बांधवांना आंबिलीचे महत्त्व शिकविण्याची गरज नाही. अशक्तपणा, गोळे वा जुलाब असतील तर जलसंजीवनी द्यावी. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या याच तऱ्हेच्या पाण्याने पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले. पुडी एक लिटरची असेल तर ती एक लिटर पाण्यातच विरघळवावी. अर्ध्या लिटरात घातल्यास अपाय होतो. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे व मिठाचा अर्धा चमचा घालावा आणि हे पाणी त्याच दिवशी संपवावे. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. ताडी थंड असते, म्हणून उन्हात ती प्यावी असा समज आहे. परंतु आंबलेल्या ताडीने शुद्ध उणावते, आणि उन्हात शुद्ध हीच खरी राखण असते.

पाणी प्यावे असे सांगणे सोपे आहे; ते आणते कोण, हेही पाहावयास हवे. डोंगराळ तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावर हंडा वाहणारी बाई स्वतः सर्वांत शेवटी व सर्वांत कमी पिते. शेतावर आडोसा नसल्यामुळे लघवीची अडचण होते, म्हणून अनेक स्त्रिया सकाळपासून पाणी टाळतात. ही गोष्ट संकोचामुळे सभेत कोणी बोलत नाही; गावपातळीवरील कार्यकर्त्याने आशा कार्यकर्तीच्या मदतीने ती काढावी. बांधाच्या कडेला चार बांबू रोवून गोणपाटाचा आडोसा करण्यास अर्धा दिवसही लागत नाही.

कारखान्यात २५० हून अधिक कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय केलीच पाहिजे, असे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घातले होते. शेतावरील मजुरासाठी तो माठ शेतमालकालाच भरावा लागतो. तो घरी किंवा बांधाच्या टोकाला ठेवू नये. काम सरकेल तसा माठही सरकवावा. थर रचण्याचे काम पहाटे सुरू करून अकराच्या आत थांबवावे व उरलेले साडेचारनंतर घ्यावे. नव्याने कामावर आलेला अथवा दुखण्यातून उठलेला गडी पहिल्या आठवड्यात निम्म्या कामावर ठेवावा, कारण उन्हाची सवय अंगी बाणण्यास एक ते दोन आठवडे लागतात. मजुरी मात्र पुरी द्यावी, नाहीतर तो निम्म्यावर थांबणार नाही.