औषधांची पेटी आणि नाशिकची मुलं

एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेच्या रानात गेलेल्या मिशनऱ्यांच्या हकिगती वाचल्या, की सिंहांची भीती किती फसवी होती ते कळतं. माणसं गेली ती बहुतेक तापाने. लंडन मिशनरी सोसायटीची एक तुकडी १८५९ मध्ये कलाहारी ओलांडून लिन्यांतीकडे निघाली. हेल्मोर पतिपत्नी, त्यांची चार मुलं, प्राइस पतिपत्नी आणि त्यांची तान्ही मुलगी असे नऊ गोरे जीव तिच्यात होते. १८६० संपायच्या आत त्यांतले सहा गेले. वाचलेल्या प्राइस यांना विषप्रयोगाचा संशय होता, पण सारी लक्षणं मलेरियाकडे बोट दाखवतात. ताप दलदलीच्या हवेतून येतो, अशी तेव्हाची समजूत होती. डासाचा गुन्हा रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत सिद्ध केला तो थेट १८९७ मध्ये.

क्विनाइन मात्र ठाऊक होतं, आणि ते गमावलं की काय होतं हे बिशप चार्ल्स मॅकेंझी यांच्या शेवटातून दिसतं. जानेवारी १८६२ मध्ये शिरे नदीत त्यांची होडी उलटली आणि औषधं पाण्यात गेली. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांना भेटायचं ठरलं होतं, म्हणून परत न फिरता ते रुओ नदीच्या संगमावरच्या बेटावर वाट पाहत राहिले. ३१ जानेवारीला ते तापाने वारले. सोबतचे मिशनरी बरप यांनी काळोखात दफनविधीची आठवेल तेवढी प्रार्थना म्हटली. काही आठवड्यांत तेही गेले. दिलेला शब्द पाळण्यासाठी थांबलेल्या त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तरीही औषधाविना तिथे राहणं हा चुकीचा निर्णय होता, हे म्हटलंच पाहिजे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिव्हिंग्स्टन यांच्या पत्नी मेरी शुपांगा इथे तापानेच वारल्या.

स्वतः लिव्हिंग्स्टनना सिंहाने धरलं होतं ते १८४४ मध्ये, माबोत्सा इथे. गोळ्या लागलेल्या सिंहाने झेप घेऊन त्यांचा डावा दंड जबड्यात धरला आणि हाडाचा चुरा केला. मेबाल्वे नावाच्या स्थानिक धर्मशिक्षकाने बंदूक रोखली, तेव्हा सिंह त्यांना सोडून त्याच्यावर गेला आणि त्याची मांडी फोडली. जबड्यात असताना आपल्याला वेदना वा भीती जाणवली नाही, ही देवाची दया, असं लिव्हिंग्स्टननी पुढे लिहिलं. त्यांची ती श्रद्धा खरी होती. पण जीव वाचला तो मेबाल्वेमुळे, आणि त्याचं नाव आज किती जणांना माहीत आहे?

इथून या कथेत आपला मुलूख येतो. अरबी समुद्रात इंग्रजी आरमार गुलामांची गलबतं पकडी. त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईत उतरवली जात आणि त्यांतली काही नाशिकच्या शरणपूरला पाठवली जात. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड प्राइस यांनी (हे लिन्यांतीचे प्राइस नव्हेत) १८५४ मध्ये ही वसाहत उभी केली होती. मुलांना तिथे अक्षरओळख होई, सुतारकी-लोहारकी शिकायला मिळे. जानेवारी १८६६ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईहून अखेरच्या प्रवासाला निघाले, तेव्हा त्यांच्यासोबत शरणपूरची नऊ मुलं होती. शिवाय गुलामांच्या तांड्यातून सुटलेला, मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या देखरेखीखाली शिकलेला चुमाही होता.

पुढे त्या मुलांपैकी काही पांगली. कामचुकार म्हणून लिव्हिंग्स्टननी रोजनिशीत त्यांच्यावर ताशेरे ओढले आहेत. पण पेटीचा प्रसंग बघा. औषधांची पेटी बराका या नाशिकच्या मुलाकडे असे आणि तो ती जिवापाड जपे. २० जानेवारी १८६७ रोजी दाट रानात दुसऱ्या एका हमालाने आपलं ओझं त्याला देऊन पेटी घेतली आणि जोडीदारासह पोबारा केला. वर मुसळधार पाऊस. पावलांचे ठसेही धुऊन गेले. भांडी, पीठ, दारूगोळा, बंदुका गेल्याच, पण क्विनाइन गेलं हा घाव सर्वांत खोल होता. लिव्हिंग्स्टनना त्या क्षणी बिशप मॅकेंझी आठवले. आपल्यालाही मृत्युदंड सुनावला गेला, असं त्यांनी लिहून ठेवलं, आणि तरी ते पुढेच गेले. सहा वर्षांनी, मे १८७३ च्या आरंभी, आजच्या झांबियात चितांबोच्या गावी खाटेशी गुडघे टेकलेल्या स्थितीत ते मृत आढळले.

पुढचे नऊ महिने मला या साऱ्या इतिहासात सर्वांत थोर वाटतात. चुमा, लिव्हिंग्स्टन यांचा दुसरा जुना सेवक सूसी आणि इतर साथीदारांनी त्यांचं काळीज झाडाखाली पुरलं. वर्षभरापूर्वी कुमक म्हणून आलेल्या जेकब वेनराइट या शरणपूरच्या विद्यार्थ्याने प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं. देहाला मीठ लावून तो दोन आठवडे उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, वर शिडाचं कापड शिवून डांबर फासलं आणि दांड्याला बांधून खांद्यावर घेतला. वाटेत भेटलेल्या कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याने देह तिथेच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनी ऐकलं नाही. पुढे एका गावाने प्रेत न्यायला हरकत घेतली, तेव्हा नकली गाठोडं मागे पाठवून खरं कापडाच्या गठ्ठ्यासारखं बांधलं. हजाराहून अधिक मैल चालून फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्याला पोचले. लंडनमध्ये देहाची ओळख पटली ती सिंहाने मोडलेल्या त्या दंडाच्या हाडावरून.

किनाऱ्यावर बहुतेकांना पगार देऊन निरोप मिळाला. देहासोबत इंग्लंडला गेला तो एकटा जेकब. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्ययात्रेत तो होता. चुमा-सूसींना नंतर लिव्हिंग्स्टन यांच्या एका मित्राने खर्च करून नेलं, तोवर अंत्यविधी उरकला होता.

नाशिकच्या इतिहासप्रेमींना माझी कळकळीची विनंती आहे. शरणपूर रोडवरून तुमची रोजची ये-जा असते. इथली जुनी दफ्तरं, बाप्तिस्म्याच्या नोंदी, दफनभूमीतले लेख यांत ही मुलं शोधा, त्यांच्यावर मराठीत लिहा, आणि शहराच्या इतिहासात त्यांना त्यांच्या नावानिशी जागा द्या.